बापूंचं घड्याळ वीस मिनिटं पुढे

आमच्या रत्नागिरीत भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतं असं घर मला अजून सापडायचं आहे. कुणाचं पाच मिनिटं पुढे, कुणाचं पंधरा. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, एसटी चुकते. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं की घड्याळ पुढे आहे, सगळे मनातल्या मनात वजाबाकी करतात, आणि एसटी चुकायची ती चुकतेच. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ एक वेळ सांगतं, बाहेरच्या खोलीतलं दुसरी. आमच्या ह्यांनी ती तशी का लावून ठेवली आहेत ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. आणि मी मात्र जन्मभर लोकांच्या कम्प्युटरची घड्याळं लावत हिंडले. हसू नका, हे खरंच काम असतं. या कामात मी एकदा जेवढी घाबरले तेवढी दुसऱ्या कशानेही घाबरलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

मारुती मंदिरापाशी माझं दुकान होतं. कम्प्युटर दुरुस्ती एवढीच पाटी. विंडोजवाल्यांची दुकानं गावात पुष्कळ, पण लिनक्सला हात लावणारं फारसं कुणी नव्हतं. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी दुसऱ्या जातीची व्यवस्था. फुकट मिळते आणि वर्षानुवर्षं न कुरकुरता चालते, म्हणून कारखाने, दवाखाने, बर्फाचे कारखाने असल्या ठिकाणी टेबलाखाली धूळ खात तिचा एक तरी डबा पडलेला असतोच. तो बिघडला की माझी आठवण. 'बाई आहे, पण जमतं तिला,' अशी माझी शिफारस केली जायची. मी ती कौतुक म्हणून घेत असे, कारण दुसरं काही मिळत नव्हतं.

तर घड्याळाचं काय असतं ते सांगते. कम्प्युटरच्या पोटात एक लहानसं घड्याळ असतं, शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर चालणारं. ते चुकतं. उकाड्याने चुकतं, आणि आमच्या खाऱ्या दमट हवेत तर जरा जास्तच. मग कम्प्युटरने इंटरनेटवरच्या चांगल्या घड्याळांना विचारायचं, बाबांनो, किती वाजले? एकाला नाही, चार-पाच जणांना. उत्तर यायला किती वेळ लागला तो हिशेबात धरायचा, एखादा भलतंच सांगत असेल तर त्याला बाजूला काढायचं, आणि मग आपला काटा हळूच जागेवर आणायचा. हे सगळं करणारा एक प्रोग्राम असतो, क्रोनी नावाचा. मी चार ओळी लिहायची, तो सुरू करायची, आणि त्याने 'जुळलं' असं सांगितलं की डबा खाली ठेवून चहा प्यायची. गिऱ्हाईक म्हणायचं, 'झालं? एवढंच?' मी म्हणायची, एवढंच.

एवढंच नसतं ते. एका प्रसूतिगृहात कम्प्युटर बसवणारा त्याला भारताची वेळ सांगायचीच विसरला होता, त्यामुळे तो साडेपाच तास मागे, लंडनच्या हिशेबाने चालला होता. भर दुपारी झालेल्या मुलीचा जन्म कागदावर सकाळचा. तिच्या आजोबांनी त्यावरून पत्रिकाही करून घेतली, आणि पत्रिकेत निघाला मंगळ. मुलीची आई बिचारी सांगत होती की अहो, मी सकाळी घरी पोहे खाल्लेत. तर कागदापुढे तिचं कुणी ऐकेना. मी जाऊन वेळ नीट केली तेव्हा आजोबांनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, 'म्हणजे मंगळ गेला ना?' मी म्हटलं, आजोबा, मी घड्याळं लावते, ग्रह नाही लावत.

ही गोष्ट मी बरीच वर्षं हसून सांगायचे. मग बापूंच्या ऑफिसातला तो दिवस आला, आणि घड्याळ चुकण्यावर हसणं माझ्याच्याने होईना.

बापू एका लहानशा बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी. बंदर रत्नागिरीच्या उत्तरेला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तरुणपणी दर्यावर गेलेले, पुढे गुडघे गेले म्हणून खुर्चीत बसलेले. बोलायला तिखट. बर्फाची गाडी जेटीवर येऊन उभी राहायची आणि खलाशी टपरीवर चहा पीत बसायचे, याचा त्यांना फार संताप. म्हणून ऑफिसच्या भिंतीवरचं मोठं घड्याळ त्यांनी वीस मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. साऱ्या बंदराचा कारभार त्या घड्याळावर चालायचा. 'हापिसचे पाच' म्हणजे काय ते लहान पोराला विचारलंत तरी सांगेल, अशी स्थिती.

या सोसायटीसाठी मी एक कम्प्युटर बसवून दिला होता. प्रत्येक होडीवर एक डबी असते. ती उपग्रहांकडून स्वतःची जागा आणि वेळ समजून घेते आणि दर थोड्या वेळाने रेडिओवरून बोलते, की मी अमुक होडी, अमुक ठिकाणी, आत्ता इतके वाजले आहेत. बंदरामागच्या टेकडीवर आमचा अँटेना. तो हे ऐकून ऑफिसातल्या कम्प्युटरला सांगतो, आणि भिंतीवरच्या टीव्हीत समुद्राच्या नकाशावर त्या होडीचा हिरवा ठिपका दिसतो. डबीला एक लाल बटण असतं. जिवावर बेतलं तर ते दाबायचं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बापू तेवढे दिवस कम्प्युटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि ऑफिसचा मेन स्विच खाली ओढून घरी जायचे. त्या साली उघडून बघतात तर आतला सेल मेलेला आणि कम्प्युटर भलत्याच वर्षात जाऊन बसलेला. त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, काही करू नका, फक्त नेट लावा, तो आपला आपण विचारून घेईल. तसंच झालं. त्याच दिवशी बापूंचा धाकटा भाऊ वसंत आपली 'जलकन्या' घेऊन समुद्रात गेला होता. तो स्वतः तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि बरोबर चार खलाशी. त्याचा हिरवा ठिपका टीव्हीत दिसला, त्याची बायको सुलभा येऊन बघून गेली, आणि बापूंनी मला फोन करून सांगितलं, 'ताई, झाला बगा. ब्येस चाललाय.'

वसंताची होडी एकटीच गेली होती. सरकारी बंदी उठली होती, पण नारळी पौर्णिमा व्हायची होती, आणि दर्याला नारळ दिल्याशिवाय तिथे कुणी होडी लोटत नाही. बाकीच्या होड्या अजून माडाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या, कुणी रंग काढत होतं, कुणी जाळी विणत होतं. वसंत म्हणाला, बंदी उठली ना, मग झालं. बापूंनी अडवलं, पण दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि तो गेला. समुद्रात होडी एक, नकाशावर ठिपकाही एकच. हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापूंचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येईना.

'ताई, वसंताचा ठिपका गेलाय.'

'कधीपासून?'

'सकालपास्नं. मला वाटला लांब गेला आसंल. पन आता वारा बगा कसा सुटलाय.'

वारा मलाही दिसत होता. दुकानासमोरची पाटी फडफडत होती आणि पावसाची सर आडवी येत होती. मी स्कूटी काढली. वाटेत एका वळणावर वाऱ्याने मला सरळ रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नेऊन ठेवलं. तिथे थांबून मी समुद्राकडे पाहिलं आणि उगाच पाहिलं असं झालं. पाणी सगळं पांढरं होतं.

ऑफिसात बापू खुर्चीत बसलेले, नजर टीव्हीवर. बाजूला सुलभा उभी. दारात वाडीतल्या बायका. टीव्हीत नकाशा निळा आणि रिकामा. कडेला एकच ओळ, तांबड्या रंगात. जलकन्या, संपर्क नाही.

'कशाला हात लावलात का?' मी विचारलं.

'नाय.'

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ते खोटं बोलतही नव्हते. त्यांच्या मते त्यांनी कशालाही हात लावला नव्हता.

मी तारा तपासल्या. अँटेनाची तार नीट होती, रेडिओचा दिवा लागत होता. इंटरनेट गेलेलं होतं, वाऱ्याने कुठेतरी केबल तुटली असणार, पण होडीचा निरोप काही इंटरनेटवरून येत नाही, म्हणून त्याकडे मी लक्ष दिलं नाही. आमचं सगळं ठीक आहे म्हणजे डबी गप्प आहे. आणि डबी गप्प म्हणजे एक तर तिची बॅटरी गेली, नाहीतर ती पाण्याखाली आहे. ती अंगावर उडणाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असते, बुडण्यासाठी नाही.

सुलभा माझ्या मागे येऊन उभी राहिली. 'ताई, डबी भिजली तर चालते?'

'चालते,' मी म्हटलं.

दारातली एक म्हातारी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाली, 'नारल दिलान नाय, आधीच गेला.' सुलभाने ते ऐकलं. ती वळली नाही, पण तिने टेबलाची कड धरली. बापू त्या म्हातारीवर खेकसले, 'गप बस गो.' मग स्वतःच मान खाली घालून बसले. मला त्या क्षणी मनापासून पळून जावंसं वाटलं. कम्प्युटर बिघडला तर मी काहीतरी करू शकते. माणसं बुडाली असतील तर माझा तिथे काय उपयोग?

बचाव दलाच्या ऑफिसला बापूंनी आधीच कळवलं होतं, पण त्यांची बोट निघायची तर शोधायचं कुठे? समुद्र केवढा. मी माझ्या मोबाइलवरून पुन्हा फोन लावला. पलीकडचा माणूस शांत आवाजाचा होता, एकेक गोष्ट विचारून लिहून घेत होता. होडीचं नाव, माणसं किती, शेवटचा ठिपका कुठे. मी कम्प्युटरमधली सकाळची शेवटची नोंद बघून सांगत गेले.

'तुम्ही हे सांगताय ती आत्ताची वेळ काय लिहू?'

मी टीव्हीच्या कोपऱ्यात पाहिलं. 'पावणेपाच.'

'पावणेपाच कसे? माझ्याकडे साडेचारही व्हायचेत, मॅडम.'

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तेही पावणेपाच म्हणत होतं. दोन घड्याळं एक वेळ सांगत असली की माणूस तिसरं बघत नाही, मी आल्यापासून तेच करत होते. मग मला आठवलं की ते भिंतीवरचं घड्याळ बापूंचं आहे. मी फोन कानापासून काढून त्यावरची वेळ पाहिली.

'बापू,' मी म्हटलं, 'कम्प्युटरचं घड्याळ कुणी लावलं?'

'मी,' ते म्हणाले. 'सकाली. पोरां टीव्हीत बगून म्हणायला लागली, अजून येल हाय, बापू. मग मी तां आटोम्याटिक बंद केलां नि भिंतीवरच्यासारकां लावलां.'

ते अगदी सरळपणे बोलले. घड्याळ लावणं म्हणजे कम्प्युटरला हात लावणं, असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. घड्याळ पुढे आहे हे बंदरातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं आणि प्रत्येक जण वजाबाकी करतो. कम्प्युटर वजाबाकी करत नाही हो. त्याला सांगितलं तेच तो खरं मानतो.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर वीस मिनिटांनी काय बिघडलं ते कळणार नाही. या कम्प्युटरला एक नियम घालून दिलेला असतो. आलेला निरोप पाव तासापेक्षा जुना असेल तर तो शिळा समजायचा आणि बाजूला टाकायचा. नियम शहाणपणाचा आहे. रेडिओवर कधी कधी जुना निरोप फिरून फिरून येतो, आणि बुडणाऱ्या होडीच्या जुन्या जागेवर बचावाची बोट गेली तर माणसं दुसरीकडे मरतात. आता डबी उपग्रहाकडून घेतलेली खरी वेळ सांगत होती, आणि आमचा कम्प्युटर बापूंच्या वेळेत होता. म्हणजे वसंताचा ताजा, आत्ताचा निरोपसुद्धा त्याला वीस मिनिटं शिळा वाटत होता. आणखी पाच-सहा होड्या समुद्रात असत्या तर सगळेच ठिपके एकदम गेले असते आणि बापूंनाच कळलं असतं की गडबड यंत्रात आहे. पण होडी एकच होती.

मी टाकलेल्या निरोपांची फाइल उघडली. दोनदा नाव चुकीचं टाइप केलं.

ओळीमागून ओळी आल्या. जलकन्या, जलकन्या, जलकन्या. सकाळच्या ओळी साध्या होत्या. दुपारनंतरच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन अक्षरं होती, एस ओ एस. वसंत लाल बटण दाबत होता. दाबत होता, दाबत होता, आणि आमचा कम्प्युटर त्याचा प्रत्येक निरोप नीट ऐकून घेऊन कचऱ्यात टाकत होता. समोर त्याचा सख्खा भाऊ बसलेला.

मी फाइल बंद करणार होते. पण सुलभा मागे उभी होती आणि तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

'हे ते पाठवतायत?' तिने विचारलं.

'हो.'

'म्हणजे आहेत?'

'आहेत,' मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. आपल्याला कामाच्या ठिकाणी रडण्याची सवय नाही. मी तशीच नाक पुसत बसले आणि वेळ लावायला घेतली.

क्रोनीला विचारायला इंटरनेटच नव्हतं. मोबाइलला मात्र टॉवरकडून वेळ मिळत होती, ती बघून हाताने लावायची होती. पोरखेळाचं काम, झोपेत केलं असतं. त्या दिवशी मला धड आकडे लिहिता येईनात. दुपारचे की पहाटेचे, भारताचे की लंडनचे, सगळ्याचाच संशय यायला लागला. एक आकडा चुकला तर कम्प्युटर आणखी शेकडो निरोप निमूटपणे फेकणार आणि आम्ही रिकाम्या नकाशाकडे बघत बसणार. मी लिहिलं, वाचलं, सुलभाला मोबाइल धरायला सांगून पुन्हा वाचलं, आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. होणार नव्हतंच, डबी पुन्हा बोलेपर्यंत थांबायचं होतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि मलाही ते आठवत नव्हतं. बापू हात जोडून टीव्हीपुढे उभे होते. बाहेर माडाची झावळ तुटून पत्र्यावर पडली तेव्हा सगळ्या बायका एकदम दचकल्या.

मग ठिपका आला. हिरवा नाही, लाल, लुकलुकणारा, मालगुंडच्या बाजूला, किनाऱ्याच्या फार जवळ.

मी फोनवर जागा सांगितली. त्या माणसाने ती परत वाचून दाखवली आणि म्हणाला, जयगडहून बोट निघते आहे, तुम्ही फोन ठेवू नका. मी फोन ठेवला नाही. दर निरोपाला मी आकडे वाचत होते. ठिपका जागच्या जागी होता, म्हणजे वसंताने नांगर टाकला होता आणि नांगराने तळ धरला होता. इंजिन बंद पडलं असणार. त्याच्या पाठीमागे खडक होते. त्या खडकांची नावं बापूंना पाठ होती, ते एकेक नाव घेत होते आणि मी त्यांना गप्प बसा म्हणत होते.

आणि मग ठिपका हलला.

आधी मला वाटलं डोळ्यांना भास झाला. पुढच्या निरोपात तो आणखी हलला, खडकांच्या दिशेने. बापूंना काही सांगावं लागलं नाही. 'दोर तुटला,' ते म्हणाले आणि खाली जमिनीवरच बसले. सुलभा बसली नाही. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि तो हात इतका घट्ट की पुढे आठवडाभर तिथे दुखत होतं.

पुढचा निरोप आलाच नाही.

आम्ही वाट पाहिली. ओळ तांबडी झाली. संपर्क नाही. दुपारी याच तांबड्या ओळीने आम्हाला खोटं सांगितलं होतं, म्हणून मी घड्याळ तपासलं. बरोबर होतं. मोबाइलशी ताडलं, फोनवरच्या त्या माणसाला विचारलं, तिन्ही एक. फेकलेल्यांची फाइल बघितली, रिकामी. मी पुन्हा पुन्हा तेच तपासत राहिले. घड्याळ चुकलेलं असावं म्हणून मी जन्मात पहिल्यांदा देवाची विनवणी करत होते. ते चुकलेलं नव्हतं. या वेळी डबी खरोखरच गप्प होती.

'ताई,' सुलभा म्हणाली, 'परत करा ना. मघाशी केलंत तसं.'

मी तिला काय सांगणार? मी उगाच कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. तिला दिसावं की मी करते आहे, एवढ्यासाठी.

किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. घड्याळ लावणाऱ्या बाईने हे म्हणावं याची मला गंमत वाटते, पण खरंच सांगता येत नाही. फोनमध्ये खरखर झाली आणि तो शांत आवाजाचा माणूस म्हणाला, 'मॅडम, पाचही जण बोटीवर घेतले. होडी गेली.'

मी ते मोठ्याने सांगितलं. सुलभाने माझ्या खांद्यावरचा हात काढला, पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दारातली ती म्हातारी पहिल्यांदा आत आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बायका गेल्यावर बापू माझ्याकडे आले. जमिनीवर बसल्याने त्यांचा लेंगा चिखलाने भरला होता.

'ताई,' ते खालच्या आवाजात म्हणाले, 'वाऱ्यान नेट गेला म्हणून निरोप पोचले नाय, असा सांगूया?'

'सुलभाने बघितलंय.'

'ती काय समाजली नाय. तिला वाटतां तुम्ही दुरुस्त केलात.'

खरं होतं ते. सगळ्या बंदराला तसंच वाटत होतं. मला त्या माणसाची कीव आली, आणि रागही इतका आला की माझा मलाच आवाज चढलेला ऐकू आला. मी म्हटलं, 'बापू, तुम्ही म्हणाल ते मी सांगेन. पण मग वसंता म्हणेल, वाऱ्यात ही डबी चालत नाही. पुढच्या खेपेला तो ती घरी ठेवून जाईल. बाकीचेही ठेवतील. चालेल?'

वसंत ऑफिसात आला तो नारळी पौर्णिमेनंतर, हाताला अजून पट्टी होती. मी त्या दिवशी तिथे मुद्दाम गेले होते. छपरावर एक लहानशी जीपीएसची वाटी बसवायची होती, म्हणजे इंटरनेट नसलं तरी कम्प्युटर थेट उपग्रहांनाच वेळ विचारील. सेलही नवा घातला होता. वसंत बंद टीव्हीपुढे उभा राहिला. बापू खुर्चीतच होते. सुलभा दारात थांबली.

'एक इच्यारू, ताई?' तो म्हणाला. 'ता बटन मी दाबत होतो. खलाशी घाबरलेले. एक जन उडी मारायला निंगाला, म्हनला पोहत जातो, आपल्याला कोन इचारतोय. मी त्याला धरून ठेवला. त्याला म्हटला, गप बस, आमचा दादा हापिसात बसलाय, तो बगतोय. तो आपल्याला बगतोय, बोट पाठवील.' त्याने बापूंच्या खुर्चीकडे पाहिलं. 'दादा बसला होता ना हितं?'

'बसले होते,' मी म्हटलं. 'दिवसभर. हलले नाहीत.'

तेवढं खरं होतं, आणि माझ्याने त्यापुढे बोलवलं नाही. वसंताने मान हलवली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं आणि तो वळलाही होता. तेव्हा बापू खुर्चीतून उठले.

'वसंता, मी बगत होतो,' ते म्हणाले. 'पन तू दिसत नव्हतास. तुजे निरोप येत होते, मीच ते बंद केले होते. ह्या घड्यालापायी.' आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं, पोरांचं, टीव्हीचं, सकाळचं. काही गाळलं नाही.

वसंत ऐकत राहिला. मग स्टूल ओढून त्यावर चढला आणि पट्टीच्या हाताने ते मोठं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं. मला वाटलं आता आपटतो. त्याने ते उलटं केलं, मागची चावी धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

'खरे किती झाले, ताई?'

मी सांगितलं. त्याने काटे मागे फिरवले, घड्याळ पुन्हा टांगलं आणि बापूंकडे न बघता बायकोबरोबर घरी गेला. दोघा भावांचं बोलणं पुढे सुरू झालं की नाही ते मी विचारलं नाही. वसंत आता दुसऱ्याच्या होडीवर तांडेल म्हणून जातो एवढं मला माहीत आहे.

मी दुकान बंद केलं त्याला बरेच दिवस झाले. तरी वसंत समुद्रात गेला की सकाळी बापूंचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'ताई, येल बरोबर हाय ना?' मी घरी बसून माझ्या कम्प्युटरवरून बघते आणि सांगते, बरोबर आहे, ठिपका हिरवा आहे, तुमच्याही टीव्हीत दिसत असेल. ते म्हणतात, 'दिसतोय.' आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.